टेडीचा गुडघा

मारिके आली त्याच सकाळी केविनाच्या डोक्यात तिडीक गेली, आणि पुढचे सहा आठवडे ती तिथून हलली नाही.

कारण साधं होतं. केविना स्वयंपाकघराच्या दारात बसून मातोकेची हिरवी केळी सोलत होती. चोवीस पोरींचं जेवण, चिकाने हात काळे पडलेले. ही हॉलंडची पोरगी, तेवीस वर्षांची, अर्ध्या चड्डीत, दारातून आत शिरली, "हाय" म्हणाली आणि केविनाच्या डोक्यावरून हात लांबवून फळीवरचा चहाचा डबा घेऊन गेली. रात्र कशी गेली, घरची मंडळी बरी आहेत का, हातातलं काम कसं चाललंय, काही विचारणं नाही. नुसतं हाय! केविनाच्या गावात कोंबडीसुद्धा उंबऱ्याशी थांबून आधी आत बघते.

तसे मुझुंगू, म्हणजे गोरे, स्वयंसेवक पोरींच्या या फुटबॉल अकादमीला नवे नव्हते. बारा वर्षांत केविनाने पुष्कळ पाहिले. दर तीन महिन्यांनी एक नवं गोरं तोंड यायचं. एकाने पोरींना योगासनं शिकवली. एकीने जेवणघराच्या भिंतीवर हत्ती रंगवला. या जिल्ह्यात हत्ती कुणाच्या बापाने पाहिला नव्हता. जाताना सगळे रडायचे, फोटो काढायचे आणि अर्ध्या भरलेल्या शाम्पूच्या बाटल्या मागे ठेवून जायचे. केविना त्या शाम्पूने फरशी धुवायची.

मारिकेची पंचाईत अशी की ती कामाची निघाली. पहाटे साडेपाचला पोरींबरोबर लाल मुरुमाच्या रस्त्यावर धावायची. चेंडूंत हवा भरायची, मुरगळलेले घोटे बांधायची, पोरींच्या ताटातला पोशो, मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, न कुरकुरता खायची. पोरी तिच्यावर जीव टाकायला लागल्या. ती आळशी असती, नखरेल असती, तर केविनाला किती सोपं गेलं असतं.

दुसऱ्या आठवड्यात तो नियम आला. प्रॉसी म्हणून एक पुढे खेळणारी पोरगी होती, तोंडाची तिखट. ती केविनाला जेवणाचं ताट द्यायला आली आणि रोजच्यासारखी, मोठ्यांपुढे बसायची रीत तशी, गुडघ्यांवर बसून तिने ताट पुढे केलं. मारिकेने ते पाहिलं आणि तिचा चेहरा लालबुंद झाला. दुसऱ्या दिवशी सराव संपल्यावर तिने सगळ्यांना गोल उभं केलं.

"या मैदानावर कुणी कुणापुढे गुडघे टेकायचे नाहीत," ती म्हणाली. "तुम्ही खेळाडू आहात. जी टेकेल तिने दहा जोर काढायचे."

पोरींना खेळच मिळाला. सकाळी त्या केविनापुढे ओळीने उभ्या राहून, टाचा उचलत, "माई, झोप लागली का?" असं विचारायच्या आणि एकमेकींना कोपराने ढोसायच्या. एखादी सवयीने खाली वाकली की बाकीच्या ओरडायच्या, "दहा! दहा!" आणि ती हसत हसत धुळीत आडवी व्हायची. केविना उत्तर द्यायची, "लागली," आणि केळ्याची साल सुरीने जरा जास्तच जाड काढायची.

तिने कंपालाला डायरेक्टर काग्वांना फोन लावला.

"केविना, तीन महिन्यांचा प्रश्न आहे," साहेब म्हणाले. "तिच्या गावच्या क्लबाने चाळीस जोड बूट पाठवलेत. जरा डोळे झाक."

"डोळे झाकले तरी कान उघडे राहतात साहेब. मला हसतात पोरी."

"हसू दे. पोरी हसणारच."

इतक्यावर फोन बंद. केविनाला वाटलं, बारा वर्षांत बारा वेळा मलेरिया झालेल्या पोरींच्या उशाशी बसले, त्याची किंमत चाळीस जोड बूट.

एकटी टेडी तेवढी तशी नव्हती. नाबुकेन्या टेडी, पंधरा वर्षांची, गोलकीपर. नऊ वर्षांची असताना तिला तिच्या आजोबांनी इथे आणून सोडलं. बाप गेलेला, आई दुसऱ्या घरी. आजोबांना जुळी झालेली म्हणून सगळा मुलूख त्यांना सालोंगो म्हणायचा. नाव घ्यायची कुणाची छाती नव्हती. त्या दिवशी सालोंगोंनी पोरीचा हात केविनाच्या हातात दिला आणि म्हणाले, "ही आता तुझी." केविनाने ते शब्दशः घेतलं. तिला स्वतःचं मूल नव्हतं. टेडीचे केस तिने विंचरले, टेडीला कपडे धुवायला तिने शिकवलं, आणि टेडी गोलमध्ये उभी राहिली की केविना चूल सोडून मैदानाच्या कडेला येऊन ओरडायची. नियम आल्यावरही टेडी रोज सकाळी स्वयंपाकघराच्या मागच्या बाजूला, मारिकेला दिसणार नाही अशी यायची, गुडघ्यांवर बसायची आणि सगळी विचारपूस नीट करायची. केविनाचा दिवस तेवढ्यावर निघायचा.

आणि या टेडीचं नशीब उघडायची वेळ आली होती. कंपालाच्या एका मोठ्या शाळेच्या क्रीडाशिक्षिकेने तिचा खेळ पाहिला होता. चार वर्षं शिकणं, राहणं, जेवण, सगळं शाळेकडे. जागा एकच होती, गोलकीपरची. अर्जावर पालकाची सही करून तो शुक्रवारपर्यंत पोचवायचा. नाहीतर मसाकाची एक पोरगी दुसऱ्या नंबरवर बसलेलीच होती. त्याआधीच्या रविवारी भेटीचा दिवस होता. सालोंगो येणार, सही करणार. केविनाने अर्ज प्लास्टिकच्या पिशवीत घालून गादीखाली ठेवला होता.

गुरुवारी सरावात टेडीचा उजवा गुडघा पिरगळला. मारिकेने बर्फ लावला, निळ्या पट्ट्या ताणून चिकटवल्या आणि संध्याकाळी स्वयंपाकघरात आली. पहिल्यांदाच ती दारात थांबली.

"केविना, दहा दिवस तिने हा पाय अजिबात दुमडायचा नाही," ती इंग्रजीत, सावकाश म्हणाली. "आतली शीर फाटायच्या बेतात आहे. आता गुडघ्यावर भार पडला तर ती शाळेत गोलमध्ये उभी राहू शकणार नाही. रविवारी तिचे आजोबा येतील. मला कळतं की त्यांना कसं वाटेल. मला तुमची भाषा येत नाही. तुम्ही त्यांना माझ्या वतीने सांगाल? त्यांची माफी मागाल?"

"सांगेन," केविना म्हणाली.

सांगणं अवघड नव्हतंच. दुखणाईताने गुडघे टेकले नाहीत म्हणून कुणी रागावत नाही. फक्त घरातल्या मोठ्या बाईने तसं म्हणायला लागतं. आपलं दुखणं आपणच सांगून सूट मागणारी पोर कुणाला आवडत नाही. एक वाक्य पुरे होतं, "सालोंगो, लेकीला माफ करा, पाय दुखावलाय." केविनाने असं वाक्य किती पोरींसाठी म्हटलं असेल!

रविवारी फणसाच्या झाडाखाली चटया अंथरल्या. आया-मावश्या भुईमूग, भाजलेली कणसं, अवाकाडो घेऊन आल्या. सालोंगो बोडावरून, भाड्याच्या मोटारसायकलवरून, उतरले. घोट्यापर्यंत पांढरा कांझू अंगरखा, वर काळा कोट, हातात काठी. त्यांना खुर्ची दिली. केविना चटईवर गुडघ्यांवर बसली आणि तिने सगळी विचारपूस केली. गुरं, केळीची बाग, गुडघेदुखी, शेजाऱ्याचा कज्जा. सालोंगोंनीही एकेकाचं उत्तर दिलं. तिने चहा दिला. छान चाललं होतं.

मग टेडी आली. लंगडत, भिंतीला धरत. शाळेचा स्कर्ट घातलेला, त्याखालून निळ्या पट्ट्या दिसत होत्या. आजोबांना पाहून तिचा चेहरा फुलला. तिने मांडीवर हात ठेवला, ओठ चावला आणि खाली जायला लागली. शहाणी पोर, निदान सुरुवात तरी करायची, म्हणजे मोठी माणसं "असू दे, असू दे" म्हणतात.

तेवढ्यात मारिके पलीकडून धावली. "नाही टेडी, नाही!" तिने टेडीचं कोपर धरलं आणि तिला वर ओढलं. सगळ्यांसमोर. सालोंगोंच्या तोंडासमोर.

झाडाखालच्या आयांनी माना वळवल्या. एकीच्या हातातली शेंग तशीच राहिली. मारिकेच्याही लक्षात आलं. ती घाईघाईने इंग्रजीत बोलायला लागली. गुडघा दुखावलाय, मी मनाई केलीय, तिचा दोष नाही, अपमान करायचा नव्हता, मला क्षमा करा. बोलताना हात छातीशी धरलेला. पण दुसरा हात टेडीच्या कोपरावर होता.

"ही काय म्हणते?" सालोंगोंनी केविनाला विचारलं.

वाक्य केविनाच्या जिभेवर तयार होतं. तिने त्या हाताकडे पाहिलं. गोरा, उन्हाने सोललेला हात, टेडीच्या कोपरावर, जणू पोर हिचीच. इतक्या आठवड्यांचं ते हसणं, टाचा उचलणं, "दहा! दहा!" सगळं तिला आठवलं. बघू दे हिला, तिला वाटलं. एकदाच तोंडावर आपटू दे.

"ती म्हणते, सालोंगो," केविना म्हणाली, "इथल्या मुली कुणापुढे गुडघे टेकत नाहीत."

खोटं कुठे होतं? मारिकेच्याच तोंडचं वाक्य होतं. फक्त आजचं नव्हतं.

टेडीने झटकन केविनाकडे पाहिलं. तिला दोन्ही भाषा येत होत्या. तोंड उघडलं, आणि मिटलं. मोठी माणसं बोलत असताना, तेही आजोबांसमोर, माईला खोटं पाडायचं म्हणजे दुसरा गुन्हा. बाकीच्या पोरी खाली बघत होत्या.

सालोंगोंनी कप उचलला आणि घोट घोट चहा प्यायले. घाई नाही. एकदा निळ्या पट्ट्यांकडे पाहिलं, एकदा केविनाकडे. अर्धा कप संपल्यावर विचारलं, "आणखी काही म्हणाली?"

"नाही."

आणखी एक घोट. "एवढंच?"

"एवढंच, सालोंगो."

त्यांनी कप रिकामा करून बशीत ठेवला आणि काठी टेकून उठले. "टेडी, तुझी पेटी आण. घरी जायचंय."

सहीसाठी काढून ठेवलेला अर्ज चटईवर राहिला, वर पेन. मारिके त्यांच्या मागे फाटकापर्यंत धावत गेली, हात जोडून काहीतरी बोलत. बोडावाल्याने पेटी पुढे टाकीवर घेतली, आजोबा आणि नात मागे बसले, आणि गाडी धूळ उडवत गेली. टेडीचा उजवा पाय सरळ बाहेर काढलेला होता.

"काय झालं? तुम्ही सांगितलंत ना त्यांना?" मारिकेने परत येऊन विचारलं. ती रडत होती.

"सांगितलं," केविना म्हणाली. "जुनी माणसं. ऐकत नाहीत."

तिला वाटलं होतं, बरं वाटेल. संध्याकाळपर्यंत थोडंसं वाटलंही. मारिकेने मैदानावर पोरींना सांगितलं की नियम चुकीचा होता, आजपासून रद्द. केविनाने हे स्वयंपाकघरातून ऐकलं आणि मनात म्हणाली, आली ना जमिनीवर! मग रात्रीच्या जेवणासाठी ताटं मांडताना तिने सवयीने चोवीस मांडली. एक परत उचललं.

सोमवारपासून पोरींनी तिला वाळीत टाकलं. तोंडाने काही नाही. नियम गेला तरी कुणी तिच्यापुढे बसेना, आणि आता कुणी हसेनासुद्धा. ताट ठेवायच्या, जायच्या. केळी सोलताना गाणी म्हणायच्या त्या बंद झाल्या. मारिके मात्र रोज दारात थांबून, कागदावर लिहून आणलेली विचारपूस केविनाच्या भाषेत, चुकतमाकत, पूर्ण करायची. "ओ-सुझे ओत्या, न्याबो?" रात्र कशी गेली, बाईसाहेब? केविनाला तिच्या कानाखाली वाजवावीशी वाटायची.

बुधवारी प्रॉसी पाण्याचा जेरीकॅन आपटून म्हणाली, "माई, एक विचारू?"

"विचार."

"रविवारी तू आजोबांना जे सांगितलंस, ते मी कोचला इंग्रजीत सांगू का? तिला फार उत्सुकता आहे. रोज रडते बिचारी."

"तोंड सांभाळ, प्रॉसी! थोबाड फोडीन."

"फोड ना. माझं थोबाड फुटून टेडीच्या अर्जावर सही होत असेल तर फोड."

केविनाने उचललेली पळी खाली ठेवली. प्रॉसी गेली नाही. उभी राहून टक लावून बघत राहिली, आणि शेवटी केविनालाच नजर वळवावी लागली. भीती वाटली हे खरंच. नोकरी गेली तर या वयात कुठे जाणार? पण ती भीती एकटी नव्हती. तीन दिवस झाले, सकाळी स्वयंपाकघराच्या मागे कुणी येत नव्हतं, आणि मसाकाची कोण कुठली पोरगी टेडीच्या जागेवर बसायला निघाली होती. हे मी केलं, मुझुंगूने नाही, असं केविना त्या दिवशी पहिल्यांदा स्वतःशी म्हणाली. तिला फार वाईट वाटलं, आणि स्वतःचा रागही आला. मारिकेचा कधी आला नव्हता इतका.

गुरुवारी तिने चांगली गोमेसी नेसली, अर्ज पिशवीत घातला आणि बोडा केली. दोन तासांचा रस्ता. सालोंगो केळीच्या बागेपुढे ओसरीवर बसले होते. केविना अंगणातच गुडघ्यांवर बसली. त्यांनी तिला चटईवर यायला सांगितलं नाही. विचारपूस झाली, पण छोटी.

"बोल," ते म्हणाले.

"सालोंगो, रविवारी मी तुम्हाला चुकीचं सांगितलं. ती गोरी पोरगी माफी मागत होती. टेडीचा पाय दुखावला होता, म्हणून तिने अडवलं. मी ते गिळलं."

"का?"

"मला तिचा राग आला होता."

म्हातारा हसला नाही, रागावलाही नाही. "केविना, माझं वय झालंय, डोळे गेलेले नाहीत. पोर लंगडत आली. पायाला ही एवढी निळी पट्टी. गोऱ्या पोरीचा हात छातीवर होता. माफी मागताना माणूस कसा दिसतो ते कळायला भाषा कशाला लागते? मी तुला दोनदा विचारलं. एक अख्खा कप चहा पिईपर्यंत वाट बघितली."

केविनाने अर्जाची पिशवी मांडीवर सरळ केली.

"तुला वाटलं, मी त्या परक्या पोरीवर रागावून नात घेऊन गेलो. तिला आमची रीत काय माहीत? ती चुकली तर शिकेल. मी नात तुझ्यापासून घेऊन आलो. सहा वर्षांपूर्वी तिचा हात मी ज्या बाईच्या हातात दिला, ती तिथे मला दिसली नाही."

"तिने सांगितलं का तुम्हाला? टेडीने?"

"तीनदा विचारलं मी. तोंड उघडलं नाही तिने." त्यांनी हात पुढे केला. "आण तो कागद."

त्यांनी चष्मा लावला, सगळा अर्ज ओठ हलवत वाचला आणि शेवटच्या ओळीवर सावकाश, मोठ्या अक्षरांत सही केली. केविनाचे डोळे भरून आले. ती आभार मानायला लागली तर त्यांनी हातानेच थांबवलं.

"ही सही तिच्यासाठी केलीय. शाळा सुरू होईपर्यंत ती इथेच राहील. तिची राहिलेली चादर-भांडी त्या गोऱ्या पोरीबरोबर पाठवून दे. तू येऊ नकोस." मग ते आतल्या बाजूला वळले. "टेडी! पाहुण्या निघाल्या बघ."

पाहुण्या. केविना उठून उभी राहिली. टेडी दारात आली. पाय अजून ताठ होता, पट्ट्या तशाच, कडा मळलेल्या. केविनाने पिशवी छातीशी धरली.

"सही झाली, बाळा," ती म्हणाली. "माझं चुकलं गं. मी तुझं नुकसान करणार होते." एवढ्या वयाच्या बाईने पोरीपुढे असं बोलणं त्या अंगणात कुणी कधी ऐकलं नसेल.

टेडीने मान हलवली. मग तिने दाराची चौकट धरली.

"नको," केविना म्हणाली. "टेडी, नको. पायाला जप."

टेडी खाली गेली. आधी डावा गुडघा, मग उजवा. तिचा चेहरा वेदनेने वाकडा झाला, पण ती पूर्ण बसली, पाठ ताठ, नजर जमिनीवर, दोन्ही हात मांडीवर. परक्या घरच्या बाईला करतात तशी सगळी विचारपूस तिने सुरू केली. दिवस कसा गेला, न्याबो? घरची मंडळी बरी आहेत ना, न्याबो? आपण एवढ्या लांब आलात, आभारी आहोत, न्याबो. माई हा शब्द एकदाही आला नाही.

मग ती थांबली. आता केविनाने उत्तर द्यायचं, म्हणजे मग पोरीने उठायचं. त्याआधी नाही.

केविनाने तोंड उघडलं. आवाज निघेना. तिने पुन्हा प्रयत्न केला. टेडी बसूनच होती, हलली नाही, आणि तिच्या वरच्या ओठावर घाम जमायला लागला होता.

"उत्तर दे की बाई," सालोंगो म्हणाले. "पोरीचा पाय दुखतोय."